चिमट्यांची परडी

शेवाळाचा वास आला की मला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आठवतात. उमेळे गावात तेव्हा बागायती वाड्या तोडून बिल्डिंगी उठत होत्या, त्यातल्याच एका नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर आम्ही राहायला आलो होतो. लेक दीड वर्षाची. दुपारी चिमट्यांची परडी तिच्यापुढे ठेवली की माझा स्वयंपाक होईपर्यंत ती हूं की चूं करायची नाही. हॉलच्या मधोमध एका ठरावीक जागेच्या कडेला बसायची, एकेक चिमटा पुढे टाकायची आणि खुदकन हसून म्हणायची, "डुबुक!" त्या जागेवर पाऊल मात्र कधी ठेवायची नाही, पलीकडे जायचं तर भिंत धरून वळसा घालायची. पोर किती शहाणी, असं मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे. एकदा भाजी घेऊन येणारी गावातली म्हातारी दारातच थबकली. "बाय, पोरीला मागं घे," ती म्हणाली. "हितं आमचं बावखल होतं, वाडीला पानी द्यायचं तळं. बिल्डरनं बुजवलं. आमची धाकटी पन अशीच काठावर बसून दगड टाकायची." "मग?" मी विचारलं. तिने टोपली उचलली आणि भाजी न देताच निघून गेली. मी धावत जाऊन लेकीला कडेवर घेतलं, चिमटे गोळा केले. सगळे ओले होते. लेक आता नोकरीला लागली, तिला यातलं काही आठवत नाही. चिमटे तिच्या लाळेने भिजले असतील, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण लाळेला शेवाळाचा वास येत नाही.