एकही थेंब न पाझरणारी मडकी

कामतघरच्या बाजारात मडकं घ्यायला आलेला माणूस आधी मडक्याला टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि मग विकणारीच्या तोंडाकडे बघतो. दोन्ही पटलं तरच भाव विचारतो. त्या मंगळवारी माझ्यासमोर आलेल्या पहिल्याच म्हाताऱ्यानं माझ्या मडक्याला टिचकी मारली. वाजलं बरं. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यानं मडकं खाली ठेवलं.

"तू कुंभाराची का गो?"

"नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला द्यावं लागलं नाही. शेजारी बसलेल्या मावशीनं ते दिलं. "माझ्याकडं शिकलीय ती. तुला मडका पान्याला पायजे का सोयरीक जमवायला?"

म्हातारा हसला नाही. मावशीचंच एक मडकं घेऊन निघून गेला. मला वाटलं, मावशीनं मुद्दाम तसं बोलून आपलं गिऱ्हाईक केलं. त्या दिवसांत मला सगळ्यांबद्दल असंच काहीतरी वाटायचं.

मी परभणीकडची. शाळा पाचवीत सुटली, कारण पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात चार महिने पलीकडे जाताच येत नसे. लग्नानंतर भिवंडीला आले. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. नवरा सायझिंगमध्ये कामाला. तिथं लूमवर चढण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे पेजेसारखं चिकट पाणी, धागा तुटू नये म्हणून. मी खोलीत बसून कापडाचे सुटे धागे कापायची. चाळीत कुणी वाटीभर आमटी आणून दिली तरी मी आधी विचार करायची की ही परत काय मागणार. निघताना वडिलांनी बजावलं होतं, "तिकडं कुणी गोड बोललं तर सावध राहा." मी इतकी सावध राहिले की वर्षभरात मला एक मैत्रीण मिळाली नाही.

मावशी नात्याची नव्हे, दिघाशीकडची कुंभारीण; मंगळवारी टेम्पोत मडकी गवतात रचून यायची. एकदा मी भाजी घेऊन परतताना तिनं हाक मारली, "पोरी, जरा बस इथं. मी चहा पिऊन येतो." ओळख ना पाळख! मी बसले, पण सगळा वेळ मडकी मोजत होते. एखादं कमी भरलं तर माझ्यावर येईल, या भीतीनं. ती परत आली, तिनं काही मोजलं नाही. मी विचारलं, "हे कसं करता?" ती म्हणाली, "शुक्रवारी ये. दावतो."

शुक्रवारी लूम बंद असतात. मी एसटीनं गेले. नवरा म्हणाला होता, "फुकट कोण शिकवतं? बघ, माती तुडवायला माणूस पाहिजे असेल तिला." आणि खरंच, पहिले तीन शुक्रवार तिनं माझ्याकडून माती तुडवूनच घेतली. मी नवऱ्याला येऊन सांगितलं, तुमचंच खरं. तरी चौथ्या शुक्रवारी गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. माती पायाखाली मऊ होत जाते तेव्हा डोक्यातल्या शंका जरा गप्प बसतात, एवढंच कळत होतं.

चाकाला बाईनं हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. चाकावर तिचा नवरा बसायचा. मावशी मातीच्या वळ्या एकावर एक लावून, आतून दगडाचा गोटा धरून, बाहेरून लाकडी थापीनं चोपून मडकं वाढवायची. तेच मला शिकवलं. माझी मडकी एका बाजूला कललेली व्हायची. मावशी म्हणायची, "या मडक्याला कोन हाक मारतंय? असा का वळून बघतंय?"

कललेलं चाललं असतं. पण माझी मडकी गळायची. पाझरणं वेगळं, घाम आल्यासारखं, त्यानंच पाणी गार होतं. हे काय मला माहीत नव्हतं? आमच्याकडेही उन्हाळाभर माठाचंच पाणी पितात. पण माझं मडकं संध्याकाळी भरावं तर सकाळी अर्धं रिकामं आणि खाली थारोळं. मावशीला विचारलं, तर म्हणाली, "चोप कमी पडतोय. हात बसायला वरीस जाईल."

एक वर्ष! मला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. मातीत काहीतरी मिसळत असेल, नाहीतर भाजताना काहीतरी करत असेल, आणि ते गुपित लेकीसुनांसाठी ठेवलं असेल. परक्या बाईला कोण सांगेल? मग मीही ठरवलं, आपला उपाय आपण शोधायचा आणि हिला सांगायचा नाही.

उपाय नवऱ्याच्या डब्यातून आला. खळ. सुताच्या एवढ्याशा धाग्याला बसते, तर मडक्याच्या भोकांना का बसणार नाही? तो डबाभर घेऊन आला. मी चार मडक्यांना आतून फडक्यानं एक हात दिला, वाळवला. पाणी भरलं तर थेंब-थेंब येत होतं. खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं होतं. पण मला भीती वाटली, गिऱ्हाइकानं तेवढ्या थेंबावरूनच नाक मुरडलं तर? म्हणून दुसरा हात दिला. मग एक थेंबही येईना. मला इतका आनंद झाला की मी मडक्याच्या बुडाखाली वर्तमानपत्र घालून नवऱ्याला दाखवलं, "बघा, शाईसुद्धा फुटली नाही."

तीच मडकी घेऊन मी त्या मंगळवारी बसले होते. मावशीनं आपल्या गोणपाटाचं एक टोक मला दिलं होतं. चारातलं एक घरी वापरायला ठेवलं होतं, तीन समोर.

म्हातारा गेल्यावर बराच वेळ कुणी आलं नाही. मग बाजारात सगळे ज्यांना खाला म्हणत, त्या आल्या. त्यांचे कामतघरात लूम होते, आणि मावशीकडून मडकी घेत त्यांचे केस पिकले होते. दरवर्षी उन्हाळ्यात त्या लूमच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणी ठेवायच्या. त्या टिचकीवर भागवणाऱ्या नव्हत्या. बाटलीतलं पाणी माझ्या मडक्यात ओतलं आणि गोणपाटावर ठेवून मावशीशी गप्पा मारत बसल्या. पाव तासानं उचललं. गोणपाट कोरडं.

"वा! एक बूंद नाही. तीनों दे दे."

मावशीनं माझं मडकं उचललं, बुडावरून बोट फिरवलं, आत नाक घातलं. माझ्याकडे बघितलं. "एक पन थेंब न्हाय?"

"चांगलं चोपलंय यावेळी," मी म्हणाले.

"पोरीचा हात बसला वाटतं," खाला म्हणाल्या. "तू बोलतेस का चांगले आहेत म्हणून?"

मावशी जरा थांबली. "माझ्याच गोनपाटावर हायत ना," ती म्हणाली.

ते थांबणं मला टोचलं. मला वाटलं, जळते. शिष्याचं मडकं आपल्यापेक्षा सरस निघालं, हे बघवत नाही तिला. पैसे हातात आले तेव्हा मी ते लगेच कमरेला खोचले, जणू कुणी परत मागणार होतं. खाला जाताना म्हणाल्या, "जुम्म्याला लावते, नमाजाला जाणारे पितील. दोन दिवस भिजवते आधी."

नवं मडकं आधी भिजवतात, पहिलं पाणी टाकून देतात. म्हणून सुरुवातीला वास आला तरी कुणी मनावर घेत नाही. मीही घरच्या मडक्याचं घेतलं नाही. पाणी गार होत नव्हतं, तेही मी नवेपणावर ढकललं. गुरुवारी सकाळी नवऱ्यानं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"आज ड्युटीवर न जाताच सायझिंगचा वास यायला लागला."

मी आत हात घालून बोट घासलं. नखाखाली बुळबुळीत पांढरं आलं. आंबलेलं.

"खालांनी तीन नेलीत," मी म्हणाले. "उद्या लोक पिणार त्यातलं."

"गप्प बस. वास आला तर टाकून देतील त्या. मडकंच तर आहे."

पण वास येण्याआधी जो पिईल त्याचं काय? आणि टाकून देताना त्या नाव कुणाचं घेणार? माझं नाव तर त्यांना माहीतही नव्हतं. गोणपाट मावशीचं होतं. इतक्या वर्षांत तिच्या मडक्याला कुणी वास आला म्हटलं नसेल. आणि मावशीला कळलं की माझे शुक्रवार संपले. या शहरात मला जायला तेवढं एकच ठिकाण होतं.

तरी मी खरं सांगायला निघाले नव्हते. मडकी कशीतरी परत आणायची, एवढंच ठरवून गेले. खालांचं घर लूमला लागून. खटखटाट असा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. तीनही मडकी ओट्यावर भिजत होती.

"खाला, ही मडकी जरा परत देता का? दुसऱ्या कुणाला आधी कबूल केली होती."

त्यांनी कानाला हात लावला. मी ओरडून सांगितलं. त्यांचे डोळे बारीक झाले.

"कुणी जास्त दिले काय? सच बोल."

"नाही हो."

"मग? विकलेला माल परत नेते? ऐसा कौन सा गिऱ्हाईक आला? मी नाही देत."

"खाला, ती चांगली नाहीत."

"काय?"

"चांगली नाहीत!"

"मंगळवारी चांगली होती, आज खराब झाली? तू मला येडी समजतेस?"

मग मी जोरात ओरडले, "आतून खळ लावलीय! सुताची खळ!" आणि नेमक्या त्याच क्षणी वीज जाऊन सगळे लूम बंद पडले. माझं ओरडणं सगळ्या कारखान्यात गेलं. दोन-तीन कारागीर वळून बघायला लागले. एकजण हसत म्हणाला, "मडक्याला लूमवर चढवणार का, भाभी?"

खाला हसल्या नाहीत. एक मडकं उलटं करून त्यांनी पाणी ओतून दिलं, आत बोट फिरवून हुंगलं. खळीचा वास त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"मी तुझ्याकडून नाही घेतले. तिच्या जबानीवर घेतले. जा, तिला घेऊन ये. तोपर्यंत मटके इथंच राहतील."

मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. "पहले उसको बोल."

दिघाशीच्या एसटीत मी तीन वेगवेगळ्या गोष्टी रचल्या. एकीत चूक नवऱ्याची होती. अंगणात मावशी मडकी भाजायच्या आव्यासाठी गोवऱ्या रचत होती. तिला बघून त्या तीनही गोष्टी मी विसरले आणि जसं होतं तसं सांगून टाकलं.

तिनं हातातली गोवरी खाली ठेवली. "मना वाटला, मेनबत्तीचा मेन लावलास. खळ? अगो, पानी प्यायचा भांडा हाय तो, लुगडा न्हाय!"

"मला वाटलं..."

"तुला वाटला. आनि मी बाजारात तुझ्यासाठी तोंड उघडला." ती घरात गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती तिची तीन मडकी घेऊन बाहेर आली. दोन माझ्या हातात दिली. "चल."

एसटीत ती तिसरं मडकं मांडीवर धरून माझ्या पुढच्या सीटवर बसली. खालांच्या ओट्यावर तिनं तीन मडकी मांडली आणि म्हणाली, "बाय, माझी चूक. वास घेतला होता मी, बोललो न्हाय." एवढंच. माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. खालांनी चहा मागवला. मला कुणी पी म्हटलं नाही, तरी तिसरा कप माझ्याच समोर होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जावं की नाही, याचा विचार करत मी एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. तिसरीनं गेले. खालांकडून उचलून आणलेली माझी तीन मडकी मावशीनं रात्रीच आव्यात परत लावली होती. "खळ जळून जाईल. तडा न्हाय गेला तर." तीनपैकी एक तडकलं. उरलेली दोन निवली तशी तिनं पाण्यानं भरली आणि आम्ही समोर बसलो. थोड्या वेळात बुडाशी ओल दिसायला लागली, मग धारच लागली म्हणायला हरकत नाही.

"हा तुझा खरा हात," ती म्हणाली. "गळका. सांगून वीक. कुनाला झाडाला पायजे असंल, कुनी चिमन्यांना पानी ठेवंल."

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आजून काय लपवलंस?"

खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "मला वाटायचं, तुम्ही काहीतरी लपवता. मडकं न गळायचं गुपित. सांगत नाही मला."

मला वाटलं, आता ही मला खरोखर हाकलणार. ती पदरानं हात पुसत राहिली.

"लपवलाय ना," ती म्हणाली. "माती कुठून आनतो ते सांगितलाय का तुला? धा मानसं मागं हायत त्या मातीच्या. वीटभट्टीवाले हायत. तुला सांगू आनि तू नवऱ्याला सांगशील, नवरा सायझिंगमध्ये सांगल."

"मी नाही सांगणार."

"ते बघू. आज न्हाय सांगत."

मला राग यायला हवा होता. पण इतके दिवस मनात धरलेली एक तरी शंका खरी निघाली, या गोष्टीनं मला उलट हायसं वाटलं. ती लपवत होती, आणि लपवते असं तोंडावर सांगत होती. अशा माणसाशी कसं वागायचं ते मला समजत होतं.

निघताना तिनं ती दोन मडकी गवतात बांधून माझ्याकडे दिली. "मंगळवारी तुझा गोनपाट तू आन. माझ्या गोनपाटावर न्हाय बसायचा."

"मग कुठं बसू?"

"शेजारी," ती म्हणाली. "का रस्त्याच्या मधी बसनार हायस?"