निवडुंगाविरुद्धचं पत्रक

आमच्या पुण्याच्या घरात कुणी काही मागितलं की बाबा म्हणायचे, "लेखी दे." दादाने सातवीत सहलीला जायची परवानगी लेखी मागितली होती, आणि बाबांनी ती लेखीच नाकारली होती, चार मुद्द्यांत. बाबा पत्रकं काढायचे. निम्मी भोंदूंच्या विरोधात, निम्मी आदिवासींच्या जंगलहक्कांच्या बाजूने. जेवणाआधी आम्ही दोघं भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकले. हे मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आले. आता सांगावंसं वाटत नाही.

दादा न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनी भागात राहतो, आयटीत आहे. मी शिकायला म्हणून त्याच्या मागोमाग ऑकलंडला आले आणि आता न्यू लिनजवळच्या एका नर्सरीत रोपं विकते. वहिनी वेगळी झाल्यापासून दादा कमी बोलायचा. मला वाटायचं, एकटा माणूस कमीच बोलणार.

एका शनिवारी त्याने मला जेवायला बोलावलं आणि पानं मांडायच्या आधीच मोबाइलवर एक फॉर्म उघडून माझ्यापुढे धरला. शहराबाहेर एका फार्मवर दोन दिवसांचा विधी होता.

"पेरूच्या डोंगरातलं निवडुंग असतं," तो म्हणाला. "तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून घेतात. ऑफिसमधला एक जण जाऊन आला. म्हणतो, हीप्स, म्हणजे खूपच फरक पडला."

"आणि इथे पाजणार कोण?"

"एक गोरा माणूस आहे. तिकडे राहून आलाय."

"किती दिवस? सुट्टीपुरता?"

"भाषण सुरू करायच्या आधी ऐक. घरचं कुणी सोबत आणलं तर चालतं. तू चल. प्यायचं नाही, नुसतं बसायचं माझ्याजवळ."

"मी अशा ठिकाणी बसू? बाबांना काय सांगू?"

"बाबांना कशाला सांगतेस? कॉम्रेड, दोन दिवस रजा टाका की तत्त्वांकडे."

मी हसले नाही. मी फॉर्म वाचत होते. खाली एक ओळ होती: नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी बंद कराव्यात. त्या ओळीपुढे दादाने खूण केली होती. माझा भाऊ अशा गोळ्या घेत होता आणि त्याने त्या बंद केल्या होत्या, हे मला त्या खुणेवरून कळलं. कधीपासून घेतोस, कुणी दिल्या, इतकं काय झालंय, यातलं काहीही मी विचारलं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा आपला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

मी म्हणाले, "माझं म्हणणं लिहून देते."

चार दिवस खपून मी पत्रक लिहिलं. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांच्या पूजेला आधी पाप ठरवलं, त्यांचंच औषध आता गोऱ्या माणसाने पीस खोचून विकायचं, ही लूट आहे, असं पहिल्या मुद्द्यात होतं. दुसऱ्यात होतं की कुठलाही विधी ही शेवटी अंधश्रद्धाच. हे दोन मुद्दे एकमेकांच्या उरावर बसले आहेत हे मला दिसत होतं, पण दोन्ही वाक्यं चांगली जमली होती. गोळ्या तिसऱ्या मुद्द्यात होत्या: "वैद्यकीय उपचार थांबवायला सांगणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे." पुढच्या शनिवारी मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर फॉर्म रद्द केला.

परतीच्या बसमध्ये मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पत्रकाची इंग्रजी प्रत मी नर्सरीत माझ्यासोबत कुंड्या भरणाऱ्या बाईंना दिली. त्या पन्नाशीच्या आहेत, पेरूच्याच. वर्षभर आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर उभ्या आहोत. तेच खांबासारखं निवडुंग आम्ही शोभेचं म्हणून विकतो. 'ऊन भरपूर, पाणी कमी' अशी पाटी मीच खोचते. त्यांनी हातमोजे काढून पत्रक वाचलं.

"यात मी आहे म्हणे. शोषित," त्या म्हणाल्या. "माझी आजी होती या कामातली. तू मला एक प्रश्न तरी विचारायचास."

"चुकलं का काही?"

"लुटीचं खरं आहे. त्या पिसंवाल्याला मीही ओळखते, त्याला माझ्या भाषेतले चार शब्द येतात. पण आजी आजाऱ्याला एकट्याला कधी आत घ्यायची नाही. घरचं माणूस लागायचं. ते नसेल तर ती सरळ परत पाठवायची." मग मोजे चढवत त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंस?"

"भावासाठी."

"काय मागितलं होतं त्याने?"

मी सांगितलं.

"मग त्याच्यासोबत कोण बसलं?"

मी म्हणाले, तो गेलाच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला. त्यांनी पुढची कुंडी भरायला घेतली. मी तीन दिवस त्यांच्यावर रागावून होते. माझा युक्तिवाद त्यांना कळला नाही असं मी स्वतःला सांगत राहिले. दादाला फोन केला नाही.

विधीला जाणं रद्द झालं, पण गोळ्या त्याने पुन्हा सुरू केल्या नव्हत्या. माझ्या पत्रकात त्या थांबवायला सांगणाऱ्याचा निषेध होता. पुन्हा घे, मी सोबत डॉक्टरकडे येते, हे कुठेच नव्हतं. दीड महिन्याने त्याच्या मॅनेजरचा मला फोन आला, आठवडाभर तो कामावर नाही. मी गेले तेव्हा तो सोफ्यावर बसला होता. दार उघडंच होतं. भांड्यांना बुरशी आली होती. जगायचं कशाला हे त्याने मला अगदी शांतपणे सांगितलं. त्यात मुद्दे नव्हते.

आता डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, वेळ लागेल असं सगळे म्हणतात. किती, ते कुणी सांगत नाही. मी काही म्हटलं की तो म्हणतो, "बरोबर आहे तुझं." फिरायला जाऊ या म्हटलं तरी तेच, नको जाऊ या म्हटलं तरी तेच. पूर्वी तो मला चिडवायचा. आता कॉम्रेडसुद्धा म्हणत नाही.

मी विचारलं, "मी इथेच राहायला येऊ का?"

तो म्हणाला, "ये. पण समजावू नकोस."

महिना झाला. कामावरून आले की मी त्याच्या शेजारी जाऊन बसते. समजावत नाही. अजून काहीही बदललेलं नाही.