उघडी टाकलेली कृती

दोन हजार एकोणीस साल, माझं वय एकाहत्तर. आमच्या मसाला कांडपाच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर हलेना, म्हणून सून संगीतानं त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घातली. मी चौथी नापास, पण बिलं मीच काढतो. आता सगळं बदललं असणार म्हणून भांडायच्या तयारीनंच बसलो, तर खालची पट्टी तीच, कोपऱ्यातलं बटणही तेच.

"कितीला पडली?"

"फुकट, मामा. जगभरातल्या लोकांनी मिळून केलीय."

"फुकट? मग खोट असणार."

"बघा की आत शिरून." तिनं पडद्यावर ओळीच ओळी उघडल्या. "ही तिची कृती. कुणीही वाचावी, आपल्या चवीनं बदलावी."

मला त्यातलं अक्षरही कळेना, पण भर बाजारात कुणी तिजोरी उघडी टाकून जेवायला गेल्यासारखं वाटलं. आमच्या मसाल्याचं प्रमाण बापानं फक्त माझ्या कानात सांगितलं. मी पोटच्या पोरालाही सांगितलेलं नाही. मी गेलो की हा मसाला संपला, आणि त्याचाच मला तोरा. ही कोण माणसं, ज्यांनी तोंड न बघितलेल्यांना सगळं सांगून टाकलं? आणि सांगूनही त्यांचं काहीच कसं सरलं नाही? चहा गार झाला तरी मी त्या ओळींकडे बघतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई चढवली आणि संगीताला हाक मारली. म्हटलं, "दगडफूल सगळ्यात शेवटी टाकायचं. नीट बघ, दोनदा सांगणार नाही."