म्हाताऱ्या मेंढ्याची चाल

लेक माझ्या मागून मोबाइल धरून असते, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी जिना उतरतोय, तर ही वरच्या पायरीवर. मी दूध आणायला निघालोय, तर ही गॅलरीत. वळून पाहिलं की मोबाइल कानाला, पण हॅलो म्हणायचं मात्र विसरलेली.

मला तिथंच संशय आला. माझा उजवा गुडघा दोन महिने दुखत होता आणि घरात ते कळू द्यायचं नव्हतं. गुडघा कळला की माझी जुनी स्कूटर गेली. ती किक मारूनच सुरू होते, आणि बायको तिला विकायला निमित्तच शोधत होती. मी आता गाडी उतारावर लावून ढकलत सुरू करायचो. "इंजिनाला बरं असतं," असं सांगायचो, कुणी विचारलेलं नसतानाही.

म्हणजे मायलेकी मिळून पुरावा गोळा करत होत्या. स्वयंपाकघरात दोघी हसल्या की मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचो. एकदा नीट ऐकलं, तर भेंडीचं चाललं होतं. ते मुद्दाम, असंही मला वाटलं.

मग मी ठरवलं, चालायचं ते ताठ. छाती पुढे, पाय सरळ, झेंडावंदनाला निघाल्यासारखं. चार दिवस गुडघ्यातल्या कळा सोसल्या. शेजाऱ्यांनी विचारलंसुद्धा, "काय हो, पाठ धरली का?"

लेक कॉलेजात ॲनिमेशन शिकते. प्रोजेक्टसाठी एक प्राणी कॉम्प्युटरवर घडवून चालवायचा होता, तोही लो-पॉली, म्हणजे मोजक्या त्रिकोणांचा, कागदाच्या घड्या घालून केल्यासारखा. तिनं कळपामागं राहिलेला म्हातारा मेंढा घेतला होता. हे मला माहीत होतं. त्याचा माझ्याशी संबंध असेल, हे कसं सुचणार?

शनिवारी ती तोंड पाडून आली आणि लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. करड्या त्रिकोणांचा मेंढा छाती काढून चालला होता.

"सर म्हणाले, हा म्हातारा नाही, नवरदेव आहे. सोमवारपर्यंत चाल बदलली नाही तर प्रोजेक्ट धरणार नाहीत."

"सांगोल्याकडं जाऊन मेंढरं शूट केलीस की."

"ती अंगाला अंग लावून चालतात, पप्पा. कुठला पाय कुणाचा, काही कळत नाही. एकाला वेगळं काढा म्हटलं, तर तिथले आजोबा म्हणाले, 'ते एकटं चालत न्हाय पोरी. कळपाकडं पळतंय.' मग एकटं चालणारं म्हातारं मी कुठून आणू?"

आणि ती माझ्याकडं बघत राहिली.

"मी?"

"पुढचे पाय तुमचे घेतले. पहिल्या दिवशी जिन्यावर काय छान लंगडत होता. मग कुणास ठाऊक, परेडच सुरू केली तुम्ही."

"आईनं लावलं ना तुला हे करायला?"

"आईचं काय त्यात? वयानं तसं चालता असं वाटलं मला."

हे गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. तिचा चेहरा मी बराच वेळ तपासला. कट नव्हता. कट असता तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं.

रविवारी दुपारी गॅलरीत उभा राहिलो. ती बाजूला मोबाइल धरून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी खरा जसा चालतो तसा चाललो. डावा पाय, मग उजवा जरा ओढत, वळताना हात भिंतीला. तिसऱ्या फेरीला बायको धुतलेले कपडे वाळत घालायला आली आणि हातातला टॉवेल तसाच धरून थांबली.

"भिंतीला हात कधीपासून लावताय?"

लेकीकडं पाहिलं. ती स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली. खोटं बोललो असतो तर पाय पुन्हा सरळ पडले असते.

"दोन महिने झाले."

"आणि किक?"

"मारत नाही. ढकलतो."

बायकोनं टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि हात पुढं केला. मी खिशातली चावी तिच्या हातावर ठेवली.

"पप्पा, मध्ये थांबू नका ना," लेक म्हणाली. "परत टोकापासून या."

मी टोकाला गेलो आणि परत निघालो. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे पाय आपला हवा तसा पडत होता.

"हां," ती म्हणाली, "असंच."