पॉझवर ठेवलेली सेवा

समस्त ऊस उत्पादकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या साखर कारखान्याचा कॉम्प्युटर एकदा माझ्यामुळे मुका झाला. तो फार रेंगाळत होता, म्हणून पडद्यामागे चालणारी, शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या पाळीचे मेसेज पाठवणारी सेवा मी ‘पॉझ’ केली. वाटलं, ती आपोआप सुरू होईल. पण ज्याने थांबवली त्यानेच ती पुन्हा चालू करायची असते, आणि मी विसरलो.

दोन दिवसांनी पलूसकडचे एक निवृत्त फौजी आले. मेसेज न मिळाल्याने त्यांची पाळी हुकली होती, ऊसतोड कामगारांची टोळी दुसऱ्याच्या रानात गेली होती.

“साहेब, फोन तेवढा बघा. ‘तूच बिघडवलास’ म्हणून सुनेला लय बोललो मी.”

मी त्यांच्या फोनची उगीच दोन बटणं दाबली. मग राहवेना.

“आवं, सुनेला कशाला? मीच बंद पाडलं हुतं.”