गिअरमध्ये उभी केलेली गाडी

आमची गाडी हातानं गिअर टाकायची आहे, हे मी गाडीच्या सामानाच्या दुकानात शिरताशिरताच सांगितलं होतं. दुकानदारानं ते ऐकलं आणि उत्तर बाबांकडे बघून दिलं. "सर, तुमी काई टेन्शन घेऊ नोका. ताईले त्यातलं समजत नाई."

तो बाबांचा विद्यार्थी. बाबांनी आर्वीत उभी हयात गणित शिकवलं, त्यामुळे आमच्या घरचा कुठलाच व्यवहार सरळ होत नाही. भाजीवाल्यापासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे त्यांच्या पाया पडतात, आणि पाया पडलेल्या माणसाला जाब विचारायचा नाही, असा बाबांचा नियम आहे. मी तर जाब विचारण्याचंच काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसते. अशी दोन माणसं एका घरात राहतात.

गाडीला रिमोट लावायचं कारण आई. तिचं डायलिसिस वर्ध्याला होतं. बाबा गाडी चालवतात, जमेल तेव्हा मीही जाते. दवाखान्याच्या आवारात पूर्वी कडुनिंब होते. ते तोडून तिथं सिमेंटचे ठोकळे बसवले आणि त्याला आता पार्किंग म्हणतात. मे महिन्यात त्या ठोकळ्यांवर गाडी तासन्‌तास उभी राहिली की तिची भट्टी होते. डायलिसिस झालं की आईचा बीपी खाली येतो. गेल्या उन्हाळ्यात ती अशा तापलेल्या गाडीत बसली आणि वाटेतलं आंजी गाव यायच्या आत तिची शुद्ध हरपून मान कलंडली.

मी पत्रक काढलं. झाडं तोडलीत, निदान शेड तरी उभारा. 'वर पाठवलं आहे' असं उत्तर मिळालं. ते वर कुठं गेलं, कुणालाच माहीत नाही. तेवढ्यात बाबांनी दुसराच उपाय शोधला. दवाखान्याच्या पायरीवरून बटण दाबायचं, तिकडे इंजिन सुरू, एसी सुरू, आई थेट गारव्यात. सोबत चोराचा अलार्मही येतो, दोन्ही एकाच खोक्यात. सगळ्यांच्या हक्काची सावली आधी काढून घ्यायची आणि मग ज्याला परवडेल त्यानं आपापला गारवा विकत घ्यायचा, हे मला मुळीच मान्य नव्हतं. पण आईची कलंडलेली मान मी पाहिली होती. म्हणून दुकानात गेले.

आमच्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. लांबून बटण दाबायचं तर क्लच कोण दाबणार? म्हणून दुकानदारानं स्टिअरिंगखाली उताणं होऊन क्लचच्या स्विचची तार तोडली आणि अशी जोडली, की गाडीला वाटावं, क्लच सदा दाबलेलाच आहे.

"आणि गाडी गिअरमध्ये असली तर?" मी विचारलं.

"न्यूट्रलमध्येच ठेवाची ना ताई."

"बाबा कायम पहिल्या गिअरमध्ये ठेवतात. हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नाही."

"सर आता ध्यानात ठेवतीन. नाई का, सर?"

सर म्हणाले, "हाओ." विषय संपला. चहा आला.

त्यानंतर दवाखान्यात गेलो तेव्हा आधी अलार्मनं आपला गुण दाखवला. त्या पार्किंगमध्ये पेशंटसोबत आलेली माणसं गाड्यांच्या सावलीत बसतात, कारण दुसरी सावलीच नाही. वडनेर, गिरड, कुठून कुठून आलेली माणसं तिथंच डबे सोडतात, तिथंच आडवी होतात. एक म्हातारी आमच्या गाडीला पाठ टेकून भाकर खात होती. गाडी बोंबलायला लागली. एक सूर संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. म्हातारी घास हातात धरून उठली. "काऊन बाई, मी काय चोरून राह्यली का?" चोरासाठी लावलेल्या यंत्रानं सावलीला बसलेली बाई उठवली. बाबांनी तिची माफी मागितली आणि अलार्म कायमचा बंद करून टाकला.

रिमोट मात्र चालू राहिला. पुढच्या खेपेला आईची व्हीलचेअर पायरीशी आणली. तिच्या हाताला पट्टी, डोळे अर्धे मिटलेले. बाबांनी ऐटीत बटण दाबलं. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती, जशी इतकी वर्षं असायची. इंजिन लागलं आणि गाडीनं पुढे उडी मारली, कठड्याला धडकली, बंद पडली. तिच्यापुढे सावलीत एक माणूस जेवत बसला होता. तो नळावर हात धुवायला गेला होता म्हणून वाचला. त्याचा स्टीलचा डबा चाकाखाली चपटा झाला. तो ओल्या हातांनी परत आला, डबा पाहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि वाकून तो चाकाखालून ओढायला लागला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिथून तडक दुकानात. आई मागच्या सीटवर, एसी चालू, काच अर्धी खाली.

"तार होती तशी जोडून द्या," मी म्हटलं.

"ताई, फिटिंगमध्ये काईच फॉल्ट नाई. सरांनी गिअर काढला नाई."

"आज माणूस गेला असता. मी आधीच सांगितलं होतं."

"सर, तुमीच सांगा इले."

बाबा म्हणाले, "चूक माझीच आहे. त्याचा काय दोष?" मला इतका राग आला, की मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. धंदा करणारा तार तोडतो आणि गणिताचे मास्तर त्याच्या उत्तरावर बरोबरची खूण करतात.

तेवढ्यात आईनं गाडीतूनच त्याला हाक मारली. "इकडे ये बावा. सर ध्यानात ठेवतीन म्हनतं ना तू? अरे, गॅस बंद केला का, हे तुहे सर मले रोज निजताना विचारतेत. त्याइच्या ध्यानावर माणसं मारतं का? जोड तार."

"काकू, मग एसीचं?"

"तुह्या सरांले पुढं धाडीन."

त्यानं मुकाट्यानं तार जोडली. बाबा चहाला थांबले नाहीत.

आता आईचं डायलिसिस संपत आलं की बाबा आधीच पार्किंगमध्ये जातात, दारं उघडतात आणि त्या भट्टीत स्वतः बसून एसी लावतात. परवा आईला पायरीपाशी आणलं, पण गाडी येईना. आईचे ओठ कोरडे पडले होते. मी तणतणत पार्किंगमध्ये गेले. इंजिन चालू, बाबा घामानं निथळत बाहेर उभे. गाडीच्या सावलीत दोन बाया डबा सोडून बसल्या होत्या.

"उठतो जी, गुरुजी," एक म्हणाली.

"बसा, जेवून घ्या," बाबा म्हणाले.

पायरीवर आई वाट पाहत होती. मी पिशवीतून शेडचं पत्रक काढलं आणि त्या बाईच्या हातात दिलं. तिनं ते ठोकळ्यांवर अंथरलं आणि त्यावर चटणीची पुडी सोडली.