मेणाचं माप

अंबरनाथला आम्ही आलो तेव्हा आमच्याबरोबर एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि आईचे वाहणारे कान होते. वडिलांना कारखान्यात काम मिळालं आणि चाळीत टोकाची खोली मिळाली. नळाला पाणी दोन वेळा यायचं. ते आलं की बायका हाका मारायच्या, हंडे आपटायचे. आईला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. ती पोहोचायची तेव्हा नळ फुसफुसत असायचा. मग ती पाणी यायच्या तासभर आधीच हंडा घेऊन नळापाशी जाऊन बसू लागली. पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन बसायची. बायका म्हणायच्या, हिला घरात काही काम नाही वाटतं. तेही तिला ऐकू यायचं नाही, हा एक फायदा.

तिचे कान लहानपणापासून वाहत होते. गावी लसूण कढवलेलं तेल घालायचे, इथेही तेच घालायचो. वर कापसाचा बोळा. माझ्या जन्मानंतर ऐकू येणं कमी होत गेलं आणि अंबरनाथला आल्यावर जवळजवळ संपलं. समोर उभं राहून ओरडलं तर ओठांवरून थोडं कळायचं. पण शेजारच्या खोलीत आणि आमच्यात भिंत होती ती फळ्यांची. ओरडून आईला सांगितलेलं सगळ्या चाळीला कळायचं. त्यामुळे खासगी असं आम्ही तिला काही सांगणंच सोडून दिलं. वडील तर हातानेच बोलायचे. पोटावर हात म्हणजे जेवायला वाढ, छातीवर हात म्हणजे सदरा कुठे आहे. जेवताना एकमेकांकडे बघायचं आणि उठायचं. घरात भांडण व्हायचं नाही, कारण भांडायला सुद्धा ऐकू यावं लागतं.

संध्याकाळी आई एक विचित्र गोष्ट करायची. स्वयंपाक झाला की त्या फळ्यांच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. डोळे मिटलेले. पलीकडे एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडे रेडिओ होता. वडिलांना ते उभं राहणं बघवायचं नाही. घरात कुणी मेल्यासारखं दिसतं, म्हणायचे. मीही एकदा तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि लोक बघतात अशी खूण केली. त्यानंतर आम्ही घरात असताना ती तशी उभी राहिली नाही. आम्ही बाहेर असताना राहायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी मॅट्रिक झाले आणि फी माफ झाल्यामुळे मुंबईच्या कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता, आजही आहे, त्याची लाज वाटून घ्यायचं मला कारण दिसत नाही. मी सायन्स घेतलं होतं. प्रयोगशाळेत ध्वनीचे प्रयोग होते. दोन पायांचा तो पोलादी चिमटा, नादकाटा म्हणतात तो, रबरावर आपटायचा आणि नळीच्या तोंडाशी धरायचा, मग नळीतली हवा घुमायला लागते. माझ्या वहीवर त्या प्रयोगाला मास्तरांचा शेरा होता, उत्तम.

त्याच कॉलेजातल्या एका वृद्ध प्राध्यापकांच्या कोटाच्या खिशातून एक वायर निघून कानात गेलेली मी पाहिली. चौकशी केली तेव्हा कळलं, ऐकू येण्याचं यंत्र असतं. आईला आता ऐकू येणार, असं मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं.

उल्हासनगरच्या कॅम्पात एका बराकीत रेडिओ दुरुस्त करणारा एक सिंधी दुकानदार होता. कॉलेजातून परतताना मी त्याच्याकडे गेले. त्याच्याकडे तसलं एक वापरलेलं यंत्र होतं. साबणाच्या वडीपेक्षा मोठी डबी, वेगळी बॅटरी, वायर आणि वायरीच्या टोकाला आवाज देणारं बटण. बटण कानात बसवायला एक बूच लागतं, आणि ते ज्याच्या त्याच्या कानाच्या आकाराचं करावं लागतं, असं त्याने समजावून सांगितलं. त्याच्या ओळखीचा एक कवळ्या करणारा होता, तो साचा घेऊन बूच करून देणार होता. पण आईला घेऊन या, म्हणाला. आधी कान कुठल्यातरी डॉक्टरला दाखवा, मग या.

आईला न्यायचं नाही, हे घरात ठरलेलं होतं. त्या वर्षी कुळगावचं एक स्थळ मला सांगून आलं होतं आणि त्यांची अर्धी भावकी कॅम्पाच्या बाजारात भाजी विकायला बसायची. आईच्या कानात वायर घालून दुकानदार बसलाय, हे त्यांनी पाहिलं की संपलं. आईचं तसं म्हणजे मुलीचंही तसंच निघणार, असं धरून चालतात. शिवाय आमच्याकडे माप पाठवायची रीत होतीच. बांगड्यांचं माप दोऱ्याने जातं, चपलेचं कागदावर पाऊल काढून जातं. मग कानाचं का जाऊ नये?

आई कुंकवाखाली लावायची ते मेण मी हातावर मऊ केलं, तिला आडवं निजवलं आणि उजव्या कानात भरलं. थंड झाल्यावर अलगद काढलं. कानाचा सुंदर ठसा आला होता. प्रयोगाच्या वहीत काढावा असा. रुमालात गुंडाळून मी तो दुकानदाराकडे नेला. त्याने तो उजेडात धरला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेटी, अम्मा को ले आओ. कान है, चूड़ी नहीं कि नाप भेज दिया. इस में से बास आती है."

मी त्याला सांगितलं की मी कॉलेजात सायन्स शिकते. त्याने ठसा ठेवून घेतला. गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार? आठ दिवसांनी बूच तयार झालं. कवळीच्याच मसाल्याचं, हिरड्यांसारखं गुलाबी.

पहिल्या संध्याकाळी यंत्र लावून मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात "आई" म्हटलं. ती वळली. वडील खाटेवरून उठून उभे राहिले. त्यांनी तिला काय म्हणावं? कितीतरी वर्षांनी बायकोला ऐकू जाणार म्हटल्यावर माणूस काही निवडून बोलेल. ते म्हणाले, "आज आमटीत मीठ कमी होतं." आई हसायला लागली, ती थांबेचना.

आमच्या घरातला आनंद एवढाच. मोजून नऊ दिवस टिकला.

बूच सकाळी घालायचं ते निजतानाच काढायचं, असं मी तिला बजावलं होतं. सवय होईल, म्हटलं होतं. वाहणारा कान मी घट्ट बंद करून ठेवला होता, हे मला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने कानामागे बोट लावून दुखतं म्हणून खूण केली. मी म्हटलं, नवीन चप्पलही चावते. तिने परत तक्रार केली नाही. यंत्र काढून घेतील याची तिला भीती वाटली असणार. नवव्या दिवशी कानामागे लिंबाएवढी सूज होती आणि ती तापाने फणफणली होती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कानामागचं हाड फोडून पू काढला. जीव वाचला. उजव्या कानाचं आतलं सगळं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी बूच हातात घेतलं आणि हे कुणी बसवलं, असं विचारलं. मी म्हणाले, मी. त्यांनी बूच माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

आई इस्पितळात आहे आणि कशाने आहे हे कुळगावला कळलंच. ते स्थळ गेलं. ज्याच्यासाठी आईला घरात लपवलं, तेही राहिलं नाही.

जखम भरायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत आई कुणाच्या ओठांकडे बघेनाशी झाली. मान खाली घालून काम करायची. पाण्यालाही जाईना, मी भरायचे. मग डॉक्टरांनी तिला कान तपासण्याच्या विभागात पाठवलं. मी नको म्हणत होते. आता काय तपासणार होते?

तिथे चाळिशीचे एक डॉक्टर होते. आईला त्यांनी आपल्यासमोर स्टुलावर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. डाव्या कानात दिवा धरून बराच वेळ पाहिलं, कापसाने साफ केलं. मग तिच्या डोळ्यांत बघत, सावकाश, मोठ्याने विचारलं की घरात तुम्हाला काय काय ऐकू येतं. मी उत्तर द्यायला लागले. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तुम्हाला नाही विचारलं. बाईंना विचारलंय."

आई आधी माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलेला नव्हता. वडिलांनी नाही, मी नाही. लसणीचं तेल सांगणाऱ्यांनीही नाही. मग ती म्हणाली, "भिंतीला डोकं लावलं की शेजारचा रेडिओ येतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडून दोन पायांचा पोलादी चिमटा काढला, कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा आईच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. आई दचकली. हात वर नेऊन तिने तो चिमटा धरला आणि सोडेना.

"अस्साच," ती म्हणाली. "अस्साच येतो."

डॉक्टरांनी मला सांगितलं ते एवढंच, की डाव्या बाजूला आतली नस शाबूत आहे, बिघाड पडद्याचा आणि बाहेरच्या बाजूचा आहे, आवाज हाडातून आत जातो. हिच्या कानात काही घालायचंच नव्हतं. कानामागे हाडावर टेकवायचं बटण मिळतं, ते हिला पहिल्यापासून चाललं असतं. दोन्ही बाजूंना.

तो चिमटा मी वर्षभर हाताळला होता. तसलेच सहा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने टांगलेले होते. आणि आई संध्याकाळी कपाळाने तोच प्रयोग करत होती, तेव्हा मी तिला खांद्याला धरून बाजूला केलं होतं.

डबी तीच राहिली, नवं बटण आणलं. डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि तिच्या टोकाला बटण, डाव्या कानामागे दाबून बसणारं. डॉक्टरांनी आईला चार वेळा बोलावलं. दर खेपेला पट्टी वाकवली, जागा बदलली, पुढे बसून बोलले, तिला काय वाटतं ते तिलाच विचारलं. पट्टीने डोकं दुखायचं, तासाभराच्या वर लावता यायची नाही. दोघं एकदम बोलले तर सगळा गोंधळ. नळावरचा आवाज तर नुसता खडखडाट. शेजारच्या कारकुनाची बदली झाली होती आणि रेडिओही त्यांच्याबरोबर गेला होता. वडिलांना तोवर हातांनी बोलायची इतकी सवय झाली होती की आई पट्टी लावून समोर बसली तरी ते छातीवर हात ठेवूनच सदरा मागायचे.

कॅम्पातल्या त्या दुकानदाराला मी नंतर जाऊन सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तेव्हा तुम्ही आईला आणायला हवं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. बॅटरी तपासून दिली.

पुढे दोन वर्षांनी मी बी.एस्सी. झाले. निकाल घेऊन घरी आले तेव्हा आईने पट्टी लावली आणि डावी बाजू माझ्याकडे करून बसली. मी पास झाले, हे मी तिला तोंडाने सांगितलं आणि तिला ते ऐकू आलं. उजव्या कानाने तिला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. डाव्या बाजूने, समोर बसलेल्या एका माणसाचं, सावकाश बोललेलं, दिवसातून तासभर, ती होती तोवर ऐकू येत राहिलं.